रिकामी

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की नवऱ्यानं तिचा हात धरलेला आहे. लक्षात आलं तेही दिसलं म्हणून. समोरच्या दुकानाच्या काचेत दोघांचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्यात त्याची बोटं तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती होती, अगदी नेहमीसारखी, अंगठा तिच्या मधल्या बोटावर टेकवून. ती काचेकडे बघत राहिली. काचेतल्या बाईचा हात कुणीतरी धरला होता. इकडे तिचा हात मोकळाच होता. त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, तो कोपऱ्यातला दिवा छान आहे. दुकान दिव्यांचं होतं. त्याला दिव्यांतलं काही कळत नसे, तरी तो थांबला, एकेका दिव्याकडे त्यानं नीट पाहिलं, आणि मग "चल" म्हणून हात सोडला. सोडलेलाही तिला कळला नाही. रविवारची संध्याकाळ होती, रस्त्यावर गर्दी होती, आणि त्या गर्दीतून घरापर्यंत चालताना तिला वाटत राहिलं की आपण कुठलीतरी वस्तू मागे विसरून आलो आहोत आणि ती कुठली तेही आठवत नाही.

घरी आल्यावर तो त्याच्या कागदांपाशी बसला. तो वर्तमानपत्रासाठी मुद्रितं तपासत असे. आता निवृत्त झाला होता, पण अजून कुणी कुणी पुस्तकं पाठवत. तिनं शिवणाचा डबा उघडला, डोळे मिटले आणि डाव्या हातानं बटणं चाचपायला सुरुवात केली. दोन भोकांचं की चार भोकांचं, एवढंच ओळखायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागं होतं. उरलेल्या तीन बोटांवर मात्र कुणीतरी कापूस गुंडाळून ठेवला होता. बटण आहे एवढं कळायचं, पण लांबून, भिंतीपलीकडे शेजारी बोलत असावेत आणि शब्द लागू नयेत तसं. तिनं उजव्या हातानं तेच बटण घेतलं. चार भोकं. कडेला एक टवका उडालेला. तिनं डबा बंद केला. हे कधीपासून आहे, याचा ती विचार करू लागली आणि तिथंच तिला खरी भीती वाटली. दोन महिन्यांपूर्वी कप निसटला होता. साबणाचा हात, असं ती म्हणाली होती. त्याआधी एकदा मान आखडली होती आणि आठवड्यानं मोकळी झाली होती. बोटं एका दिवसात झोपली नव्हती. दिवे एकेक करून मालवत जावेत आणि घरात बसलेल्या माणसाला फक्त एवढंच वाटावं की संध्याकाळ होत चाललीय, तशी ती मालवत गेली होती.

आणि याच बोटांवर तिचं सगळं उभं होतं. लहानपणी ताई आणि ती एका मोठ्या पांघरुणाखाली शिरून खेळायच्या. ताई अंधारात तिच्या तळहातावर काहीबाही ठेवायची: खडूचा तुकडा, पेनाचं टोपण, वाळलेलं पान, एकदा तर स्वतःचा पडलेला दात. ती चटकन ओळखायची. ताई चिडायची, तू डोळे उघडतेस म्हणायची. पण पांघरुणाखाली डोळे उघडे काय नि मिटलेले काय. त्या उबदार, स्वतःच्याच श्वासाचा वास येणाऱ्या अंधारात तिला फार सुरक्षित वाटायचं. पुढं गुरांची डॉक्टर होण्याचं शिकताना एका म्हाताऱ्या सरांनी तिचा हात पहिल्यांदा गायीच्या आत घालायला लावला तेव्हा तिला तोच अंधार ओळखीचा वाटला होता. शेणाच्या वाटेनं हात खांद्यापर्यंत आत, आणि पातळ पडद्याखाली गर्भाशय, दोन शिंगांसारखं वळलेलं. सर म्हणाले होते, हाताकडे बघू नकोस, समोरच्या भिंतीकडे बघ. डोळ्यांना काम दिलंस तर बोटं आळशी होतात. पहिले तीन महिने तिला ऊब सोडून काहीही लागलं नाही. मग एका सकाळी, भिंतीवरच्या ओलीकडे बघता बघता, चिमटीतून काहीतरी निसटलं. दोन थरांचं कापड चिमटीत धरावं आणि आतलं अस्तर आधी सटकावं, इतकंच. सर म्हणाले, पस्तीस दिवसांचं आहे. ती दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

त्यानंतर सत्तावीस वर्षं. शहराबाहेर, बसनं पाऊण तासावर, एकशेऐंशी गायींचा कळप होता आणि त्याची तब्येत तिच्याकडे होती. कासा सुजणं, खूर दुखणं, व्यायल्यावर वार न पडणं, वासरांची हगवण, कुणाला काय आणि किती खायला घालायचं, सगळं. पण नाव झालं ते हातामुळं. महिन्यातून एका मंगळवारी गाभण तपासणी असायची. गाय ओळीनं खोड्यात यायची, तिचा हात आत जायचा, ती भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, चाळीस दिवस. किंवा, नव्वद. किंवा, रिकामी. मॅनेजर लिहून घ्यायचा. नंतर यंत्रं आली, करड्या पडद्यावर आतलं दाखवणारी. मॅनेजरनं विचारलंही होतं, घ्यायचं का? मग त्यानंच म्हटलं होतं, तुम्ही आहात तोवर कशाला. तिला ते आवडलं होतं. नवरा लग्नानंतर लोकांना तिची ओळख करून देताना म्हणायचा, "ही गायनॅक आहे," आणि समोरच्यानं आदरानं मान हलवली की जरा थांबून, "गाय आधी, नॅक नंतर." तिला कधीकधी वाटायचं, आपलं आयुष्य दोन ठिकाणी गेलं: एक चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत, आणि दुसरं त्या आतल्या अंधारात, जिथं वय दिवसांत मोजलं जातं आणि जिथं तिच्याशिवाय दुसरं कुणी जात नाही.

हे शेवटचं मात्र खरं नव्हतं. आणखी एक जण जात असे. गायी माजावर आल्या की त्यांना कृत्रिम रेतन करणारा माणूस कळपावर होता. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या वाफाळत्या थंड डब्यातून काढून तो कामाला लागायचा, म्हणून सगळे त्याला कांडीवाले म्हणत. साठीला टेकलेला, हळू बोलणारा, गायींच्या मागं तासन् तास उभा राहून कोण कुणाच्या अंगावर चढतंय ते बघत बसणारा माणूस. त्याच्याकडे कुठली पदवी नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी एका तपासणीत तिनं एका गायीला रिकामी म्हटलं आणि तो शेजारून म्हणाला की त्याला तसं वाटत नाही. मॅनेजर होता, दूध काढणाऱ्या बाया होत्या. ती म्हणाली होती, "आत सोडायचं काम तुमचं. आत काय राहिलं ते सांगायचं काम माझं." बाया हसल्या होत्या. तोही थोडा हसला होता. ती गाय खरोखरच रिकामी निघाली, त्यामुळं ते वाक्य तिच्या मनात चूक म्हणून कधी जमाच झालं नाही. तेव्हापासून तो तपासणीच्या दिवशी शेपूट बाजूला धरून उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही.

मंगळवारी एकोणतीस गायी होत्या. आज आपण सांगून टाकू, असं ती बसमध्ये ठरवत होती. बस थांबली तोवर ठरलं होतं की आधी बघू तरी. सकाळची उन्हं गोठ्याच्या पत्र्यांच्या फटींतून तिरपी उतरली होती आणि त्यात भुशाचे कण अगदी सावकाश तरंगत होते. तिनं खांद्यापर्यंतचा मोजा चढवला. पहिली गाय पाच महिन्यांची होती. तेवढं मोठं झालेलं तळहातालाही कळतं. दुसरीही मोठी. तिसऱ्या वेळी तिनं मॅनेजरला विचारलं, हिला कांडी कधी भरली होती? त्यानं तारीख सांगितली आणि तिनं मनात हिशेब करून दिवस सांगितले. असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. मॅनेजरच्या काही लक्षात आलं नाही. हात आत होता आणि आत धुकं होतं. ओळखीच्या गावात धुक्यात चालावं तसा हात सवयीनं वळत होता, इथं वळण, इथं चढ, पण दारं कुठं आहेत ते कळत नव्हतं. मोठ्या जणी ती तळव्यानं ओळखत होती, लहान दिवसांच्या तारखेवरून. आणि मधेमधे तिला एक विचित्र सुख होत होतं. इतकं सोपं आहे तर. आपण काहीही म्हणावं आणि ते लिहिलं जावं.

एकोणिसावी तिरळी होती. डावा डोळा किंचित नाकाकडे वळलेला, त्यामुळं ती समोर बघतेय की आपल्याकडे ते कळायचं नाही. तीन वेळा उलटली होती, म्हणजे भरल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली होती. चौथ्यांदा भरली होती. मॅनेजर म्हणाला की आताही राहिली नसेल तर हिचा निकाल लावू. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या यादीत दोनच रकाने होते, गाभण आणि रिकामी. जी गाभण राहत नाही तिचं दूध हळूहळू आटत जातं आणि मग ती नुसती उभी राहून खाते. अशा गायींसाठी शुक्रवारी गाडी येत असे, आणि त्या गाडीतून गेलेली गाय परत येत नसे. तिनं हात आत घातला. भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर चुन्याचा एक पोपडा सुटला होता, त्याचा आकार एखाद्या झोपलेल्या माणसासारखा होता. गर्भाशय हाताखाली होतं. किंचित भरल्यासारखं, किंवा नाही. तिनं चिमटी धरली. निसटलं की नाही निसटलं? कापसाखाली सगळं एकच होतं. ती वाट बघत राहिली, कुणीतरी आतून उत्तर देईल म्हणून. बाहेर मॅनेजरनं पेनाचं टोपण दोनदा उघडलं-मिटलं. आणि मग तिच्या तोंडून, तिनं न म्हणता, सत्तावीस वर्षांच्या सवयीच्या त्याच शांत आवाजात शब्द बाहेर आला, "रिकामी." शेपूट धरलेल्या कांडीवाल्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघितलं. पुढची गाय आत आली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. दुपारचं पांढरं ऊन, गोदामांच्या लांबच लांब भिंती, वाळत घातलेले कपडे. तिला झोप लागली नव्हती, पण जागीही नव्हती. कांडीवाल्यांनी मान वर केली होती. हीच मान गेल्या महिन्यातही वर झाली होती. लांब कानांच्या एका गायीला तिनं रिकामी म्हटलं होतं आणि तपासणी संपल्यावर, ती नळावर हात धूत असताना, ते शेजारी येऊन उभे राहिले होते. अगदी हळू म्हणाले होते की लांबकानी उलटलेली नाही, ते दोनदा एकवीस दिवस मोजून बसलेत. ती घाईत होती. ती म्हणाली, अहो, माज दिसला नाही म्हणजे राहिली असं थोडंच असतं. हे खरंच होतं, कुठल्याही पुस्तकात असंच लिहिलं असतं. ते बरं म्हणाले. शुक्रवारी लांबकानी गेली. आता बसमध्ये तिला ती गाय दिसू लागली, गाडीच्या फळीवर चढताना कान मागे टाकलेली. पण ते तिनं प्रत्यक्ष पाहिलेलंच नव्हतं, ती शुक्रवारी कळपावर जात नसे. तरी तिला फळीचा आवाज ऐकू आला. तो आवाज बसच्या आवाजात मिसळून तिचा थांबा येऊन गेला, आणि ती दोन थांबे पुढं जाऊन उतरली.

घर दुपारच्या अर्धवट उजेडात होतं. नवरा टेबलाशी बसून एका जाड पुस्तकाची मुद्रितं बघत होता. तिनं चप्पल काढली आणि त्याच्या समोर बसून डावा हात टेबलावर ठेवला, जणू तो तपासायला आणलेला कागद आहे. म्हणाली, ही तीन बोटं झोपलीत. त्यानं चष्मा सरळ केला. हातातली पेन्सिल उलटी करून मागच्या बोथट टोकानं त्यानं तिच्या करंगळीला स्पर्श केला आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. ती म्हणाली, हं. त्यानं पुढच्या बोटाला लावलं. हं. मग ती थांबून राहिली, तो केव्हा लावतोय याची वाट बघत. खोलीत पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. बराच वेळ गेला. "लाव ना," ती म्हणाली. तिनं डोळे उघडले तेव्हा पेन्सिलीचं टोक तिच्या मधल्या बोटावर इतकं दाबलेलं होतं की नखाखालचं रक्त सरकून बोट पांढरं पडलं होतं. त्यानं पेन्सिल बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी ते बोट चोळू लागला, त्यालाच दुखल्यासारखं.

मग तिनं सांगितलं. तारखा विचारून दिवस सांगितल्याचं, तिरळीचं, लांबकानीचं. सांगताना तिला वाटलं होतं की तो समजूत घालेल. सत्तावीस वर्षांत एखादी चूक, असं काहीतरी. त्यानं समजूत घातली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करत आलेला माणूस. त्याला चुकीचं भय नव्हतं, ती छापून जाण्याचं होतं. तिनं शेवटी म्हटलं, "तिरळी शुक्रवारी जाणार आहे."

"आज मंगळवार आहे," तो म्हणाला.

एवढंच बोलून तो चहा ठेवायला उठला. ती तिथंच बसून राहिली. तिच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तर काय होईल? काही होणार नाही. तिरळी जाईल, नवी कालवड येईल. महिनाभरानं यंत्र आणू म्हणायचं, वय झालं म्हणायचं, आणि मानानं बाजूला व्हायचं. हातावर कुणाचा संशय नाही. तो संशयाशिवायचा हात तिला टेबलावर पडलेला दिसत होता. सुंदर होता अजून, लांब बोटांचा, नखं कापलेली. तिला एकदम त्याचा राग आला, जसा एखाद्या नातेवाइकाचा यावा, ज्यानं तिच्या नावावर बाहेर काहीबाही केलंय.

बुधवार तिचा जायचा दिवस नव्हता. ती पोचली तेव्हा दूध काढून झालं होतं, फरशी धुतली जात होती, आणि कांडीवाले गोठ्यामागं एका उलट्या बादलीवर बसून गायींकडे बघत होते. तिला बघून ते उठले. ती म्हणाली, जरा तिरळीला हात घालून बघता का? त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती एक जुनी सवय होती, एखाद्या खोलीत जायचं नाही हे माहीत असलेल्या माणसाची. म्हणाले, "बाई, ते काम माझं नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

इतक्या वर्षांनी ते वाक्य तसंच्या तसं जागेवर होतं. तिला वाटत आलं होतं की ते हवेत विरून गेलं. ते या माणसानं आतल्या खिशात घडी करून ठेवलं होतं, आणि रोज ते घेऊन तो तिच्या शेजारी शेपूट धरून उभा राहत होता.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं. मला कळत नाहीये आता. बोटं गेलीत."

तिनं हात पुढं केला, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आत जाऊन मोजा घेऊन आले. तिरळीला त्यांनी खोड्यात घेतलं नाही. नुसतं गव्हाणीशी बांधलं, पुढ्यात मूठभर पेंड टाकली आणि मागं उभे राहिले. शेपूट तिनं धरलं. इतक्या वर्षांत तिनं कधी शेपूट धरलं नव्हतं. ते किती जड असतं ते तिला ठाऊक नव्हतं. कांडीवाल्यांचा उजवा हात आत गेला. ते भिंतीकडे बघत नव्हते, वर पत्र्याकडेही नाही. त्यांचे डोळे गायीच्या पाठीच्या केसांवर होते, अगदी जवळ, वाचत असल्यासारखे. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, एखाद्याला दूरचं गाणं ऐकू यावं तसा. तिनं तो चेहरा ओळखला. आपलाही असाच दिसत असेल, असं तिला वाटलं, आणि तो स्वतःला कधीच दिसत नाही. तिला क्षणभर मत्सर वाटला, आणि मग तो ओसरून गेला आणि त्या जागी नुसती उत्सुकता उरली, लहान मुलीसारखी.

"आहे," ते म्हणाले. "सहासष्ट दिवस. लिंबापेक्षा मोठं झालंय."

तिनं शेपूट सोडलं नाही. तिरळी पेंड चघळत होती आणि तिचा वाकडा डोळा कुठंतरी मधेच बघत होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिनं विचारलं, आणि लांबकानी? कांडीवाले मोजा उलटा करून काढत होते. ती म्हणाली की मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. ते म्हणाले, "तसं नाही सांगणार. मी तिला हात लावला नव्हता. मला वाटत होतं, एवढंच. आता ते तुम्हालाही कळायचं नाही आणि मलाही नाही." मग तिच्याकडे न बघता, "मी जरा जोरात बोलायला हवं होतं." ती म्हणाली, मी ऐकायला हवं होतं. आत कुणीतरी फरशीवरचं पाणी लोटत होतं, आणि ते पाणी त्यांच्या पायांपर्यंत येऊन वळून गटारात गेलं.

मॅनेजरला सांगणं त्या मानानं सोपं गेलं. त्यानं आधी तिरळीपुढची खूण खोडली, मग खुर्ची मागं सरकवली. त्यानं विचारलं, किती महिने? तिला सांगता येईना. मग गेल्या तीन तपासण्यांत तिनं रिकामी म्हटलेल्या सगळ्या गायी यादीतून शोधून काढल्या. लांबकानी आणि तिरळी सोडून अकरा जणी होत्या, सगळ्या अजून कळपातच. दुसऱ्या कळपाचा डॉक्टर त्याचं यंत्र घेऊन आला, आणि त्याच्या आधी, मॅनेजरच्या सांगण्यावरून, कांडीवाल्यांनी सगळ्यांना हात घातला. दोघांचं उत्तर अकराही वेळा एकच आलं. तिघींना तिच्या शब्दावरून माजावर येण्याचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. रिकाम्या गायीला ते दिलं तर ती माजावर येते, गाभण गायीला दिलं तर आतलं सगळं निघून जातं. त्या तिघी आता खरोखरच रिकाम्या होत्या. आधी होत्या की नव्हत्या, ते कुठल्याच पडद्यावर दिसण्यासारखं नव्हतं. उरलेल्या आठांपैकी दोघी गाभण निघाल्या. तिनं स्वतःच्या हातानं ते लिहिलं, एकेका बिल्ल्याच्या आकड्यापुढं, आणि त्या तिघींपुढं लिहिलं, सांगता येत नाही. मॅनेजर म्हणाला की तिथं काहीतरी एक लिहावं लागतं. ती म्हणाली, हेच लिहायचं. त्यानं राहू दिलं. पण तो तिच्याशी आधीसारखा बोलायला पुढं बरेच आठवडे लागले, आणि दूध काढणाऱ्या बाया ती जवळ आली की गप्प होत.

शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या मानेचं चित्र उजेडासमोर धरून दाखवलं. दोन मणक्यांमधे एक शीर दबली होती. सत्तावीस वर्षं एकाच बाजूला खांदा उचलून, मान वळवून उभं राहिल्याचं हे फळ, असं ते म्हणाले. बोटं परत येतीलही, कदाचित नाहीही. डावा हात कामाला लावायचा नाही. ती घरी येऊन झोपली आणि दोन दिवस झोपूनच होती. झोपेत तिला कळप दिसायचा, पण गायी पारदर्शक असायच्या, काचेच्या, आणि प्रत्येकीच्या आत छोटा दिवा लावलेला, आणि ती त्या दिव्यांच्या दुकानातून नुसती हिंडत असायची, कशालाही हात न लावता. जाग आली की नवरा शेजारी मुद्रितं वाचत बसलेला असायचा. एकदा त्यानं विचारलं, काम सोडायचंय का? ती म्हणाली, त्या तेरा नंबरच्या गायीच्या खुराचं काय झालं ते बघायचंय. तो म्हणाला, मग नाही सोडायचं.

ती जात राहिली. कासा, खूर, वासरं, चारा, सगळं उजव्या हातानं आणि डोळ्यांनी होत होतं. गाभण तपासणी कांडीवाले करत. ते सांगत, मॅनेजर लिहून घेई, आणि नियमाप्रमाणं खाली सही डॉक्टरची लागते म्हणून ती करी. सही करण्याआधी ती त्यांच्याकडे एकदा बघायची. ते मान हलवायचे. पहिल्या महिन्यात हे दोघांनाही अवघड गेलं. प्रत्येक गायीच्या वेळी ते "बाई, असं वाटतं" म्हणून सुरुवात करत. तिनं सांगितलं, वाटतं म्हणू नका, आहे म्हणा. तिसऱ्या महिन्यात ते आहे म्हणू लागले, आणि एका गायीबद्दल म्हणाले, नक्की नाही, पुढच्या मंगळवारी बघू. त्या दिवशी मॅनेजरनं तिसरा रकाना आखला.

एका मंगळवारी सगळ्या गायी संपल्यावर ती मोजा घेऊन उभी राहिली. उजव्या हातासाठी. कांडीवाले डबा उचलून निघाले होते. त्यांनी डबा खाली ठेवला. म्हणाले, कुठली घेऊ? ती म्हणाली, कुठलीही, जी शांत असेल ती. त्यांनी तिरळीला आणलं. आता तिचं पोट डावी-उजवीकडे भरलं होतं, पाच महिने उलटून गेले होते. तिनं उजवा हात आत घातला. हा हात इथं कधी आलाच नव्हता. तो अडखळत होता, कुठं वळायचं ते त्याला माहीत नव्हतं, भिंतींवर आपटत होता. ऊब होती. ऊब सोडून काही नव्हतं. तिचं वय चोपन्न होतं आणि तिला काही येत नव्हतं. घाम कपाळावरून भुवईत उतरला. ती भिंतीकडे बघू लागली तर कांडीवाले म्हणाले की भिंत नको, तिच्या पाठीकडे बघा, श्वासाबरोबर पाठ हलते, तिच्याबरोबर राहा. ती पाठीकडे बघू लागली. आखूड केस, मधे एक भोवरा, पाठ वर येत होती, खाली जात होती. तेही आता शेजारी येऊन उभे होते, हात मागं बांधून.

"खाली नका जाऊ," ते हळूच म्हणाले. "कडेला या. हाडाजवळ एक शीर असेल, बोरूएवढी. तिच्यावर नुसतं बोट ठेवा. दाबू नका."

तिनं बोट सरकवलं. काही नाही. आणखी थोडं. काहीतरी लवचीक, गोल, बोटाखाली आलं आणि निसटलं, आणि पुन्हा आलं. तिनं बोट ठेवलं. आधी वाटलं आपलाच हात थरथरतोय, न सोसणाऱ्या कामानं. मग कळलं की थरथर बोटाच्या आत नाही, बोटाखाली आहे. नळ किंचित सोडून ठेवल्यावर पाइपातून पाणी सरसरत जावं तसं, अखंड, घाई नसलेलं. आतल्या त्या कुणासाठी रक्त चाललं होतं. तिच्या डोळ्यांसमोर पाठीवरचे केस पुसट झाले. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. तिरळीनं एकदा पाय बदलला, शेपटीनं तिच्या खांद्यावर हलकेच मारलं, आणि पुन्हा शांत झाली.

"लागलं?" कांडीवाल्यांनी विचारलं.

"लागलं."

"किती दिवस?"

तिनं मनात काही मोजलं नाही. तारीख तिला पाठ होती, सांगता आली असती. पण बोटाला अजून तेवढं येत नव्हतं.

"ते मला नाही कळत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."